आवर

वेग स्वस्त आहे; आवर महाग पडतो. साखर जाळायला आग पुरते. तीच साखर ३७ अंशांवर, पाण्यात राहून, हवी तेव्हा आणि हवी तेवढीच जाळायची तर पेशी लागते.

विकर, म्हणजे एन्झाइम, क्रियेचा मुक्काम ठरवत नाही. मुक्काम ऊर्जेचे नियम ठरवतात. तिथवर किती लवकर पोचायचं एवढंच विकराच्या हाती असतं. सगळा जीव या एका सवलतीवर उभा आहे.

पेशीत हजारो क्रिया एकाच वेळी चालतात आणि मुकादम कोणी नसतो. ई. कोलाय या जिवाणूत थ्रिओनिन या अमिनो आम्लापासून आयसोल्यूसिन हे दुसरं अमिनो आम्ल पाच पायऱ्यांनी बनतं. १९५६ मध्ये एडविन अंबार्गर यांना दिसलं, की आयसोल्यूसिन साचलं की ते स्वतःच पहिल्या पायरीवरच्या विकराला जाऊन थोपवतं. उरलेल्या चार पायऱ्यांना काही सांगावं लागत नाही. वरून येणंच आटतं. ‘पुरे’ म्हणायचं ते सुरुवातीला. शेवटी म्हटलेल्या ‘पुरे’त नासाडी आधीच झालेली असते.

साखर फोडण्याच्या वाटेवर फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाचं विकर बसलेलं असतं. साखर फोडून मिळणारं ऊर्जेचं चलन, एटीपी, हे त्याचं इंधनही आणि लगामही: थोडं असलं तर चालवतं, साचलं तर आवरतं. आपल्याच यशाने मंदावणं पेशीला जमतं.

हाच आवर काशीच्या घाटावरही दिसतो. तिथला भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी १८व्या शतकाच्या उत्तरार्धात बांधवला. इथे लक्ष्मीनारायण आहे, यमेश्वर आहे, आणि मणिकर्णिकेचं स्मशान चालत जाण्याजोगं जवळ. माघातल्या पहाटे कोणी यात्रेकरू इथे पहिली बुडी मारतो तेव्हा अंगात अ‍ॅड्रेनालिनसारखी संप्रेरकं उसळतात. यकृतात त्यांचा निरोप पोचला की ग्लायकोजेन फोडणारं विकर जागं होतं आणि ग्लायकोजेन बांधणारं निजतं. निरोप एकच, परिणाम उलटे. दोन्ही विकरं एकदम जोरात चालली असती तर बांधलेलं फोडण्यात आणि फोडलेलं बांधण्यात सगळी कमाई गेली असती. करण्याइतकंच न करणंही नेमून द्यावं लागतं.

खिचडी खाऊन केलेली एकादशी यकृताला कळत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याचं ग्लुकोज होतं, इन्सुलिन चढतं, चरबी जाळणं मागे पडतं आणि साठवणं पुढे येतं. साठवण्याच्या वाटेवर तयार होणारा मॅलोनिल-कोए हा पदार्थच तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, जळायला निघालेल्या चरबीची वाट अडवतो. निराहार राहिलं तर मात्र दिवसभरात यकृतातलं ग्लायकोजेन सरत येतं. मग चरबी, मग कीटोन. संकल्प माणसाचा, हिशेब यकृताचा.

विकरांच्या या जाळ्याची किल्ली कोणाकडे? १९७३ मध्ये हेन्रिक काक्सर आणि जिम बर्न्स यांनी मांडलं, की ती एकाकडे असावीच असं नाही. नियंत्रण वाटेवरच्या सगळ्या विकरांत कमीअधिक वाटलेलं असतं आणि परिस्थिती बदलली की वाटपही बदलतं. म्हणून कितीतरी विकरं निम्म्यावर आली तरी माणूस ठणठणीत असतो. फिनाइलकीटोन्यूरिया या आनुवंशिक आजाराचं एक सदोष जनुक बाळगणाऱ्याला सहसा ते जन्मभर कळतही नाही, कारण दुसरं जनुक पुरतं. जिथे प्रत्येक जण थोडाथोडाच महत्त्वाचा असतो, ती व्यवस्था सहज कोसळत नाही.

जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या श्वसनात सायटोक्रोम सीचा वाटा असल्याचं दाखवलं. हे प्रथिन तंतुकणिकेत इलेक्ट्रॉन पुढे सरकवतं. घेतलेला श्वास त्यामुळे कामी येतो. १९९६ मध्ये कळलं, की तेच प्रथिन तंतुकणिकेबाहेर सांडलं तर पेशी स्वतःला संपवायला घेते. रेणूत फरक नाही. जागेवर असताना प्राण चालवणारा, जागा सुटताच मरणाचा निरोप्या होतो. गुण वस्तूत असतो तितकाच तिच्या ठिकाणात.

जिवंतपणा साठवता येत नाही. देहातलं एटीपी एका वेळी मूठभरच. पण दिवसभरात घडतं आणि मोडतं ते साधारण देहाच्या वजनाइतकं. शिल्लक थोडी, उलाढाल प्रचंड: थांबण्याची मुभा नसलेल्याचा हा जमाखर्च आहे.

मणिकर्णिकेकडे नेलेल्या देहात बहुतेक विकरं शाबूत असतात. काही काळ ती कामही करत राहतात. प्राणवायू थांबतो, एटीपी आटतं आणि स्नायू ताठरतात, कारण सैल होण्यासाठीही एटीपी लागतं. मग पेशीतल्या लायसोसोम नावाच्या पिशव्या फुटतात आणि आतली विकरं आपल्याच पेशीला पचवू लागतात. ती हेच काम जिवंतपणीही करत होती, पण पिशवीच्या आत, मोडक्या तुकड्यांपुरतं. कामगार सगळे हजर आहेत. आता कोणी कोणाला थांबवत नाही.

मेल्यावर रसायन संपत नाही, मोकाट सुटतं. घसरत घसरत ते समतोलाला पोचतं, आणि पूर्ण समतोलात काहीच घडत नाही. जिवंत पेशी त्या शांततेपासून जन्मभर अंतर राखून असते. हे अंतर राखण्याचा खर्च म्हणजेच चयापचय.

यमेश्वरापुढे हात जोडून आपण दीर्घायुष्य मागतो, तेव्हा मनात बळ असतं, जोम असतो, धावणं असतं. पण जन्मभर आपल्याला तगवलं ते वेळेवर मिळालेल्या असंख्य नकारांनी. मागायचंच असेल तर ते आणखी काही काळ चालू राहोत, एवढं मागावं.