साधन आणि सहवास

तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यात मिशनरी श्वार्त्झ यांनी १७७९ साली बांधलेले ख्रिस्तमंदिर आजही उभे आहे. आत फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने कोरलेला संगमरवरी देखावा आहे : मृत्युशय्येवरील श्वार्त्झ आणि त्यांचा हात हाती धरणारे सरफोजीराजे भोसले. याच राजांनी पुढे १८०५च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभारून मराठी पुस्तके छापविली. शब्द दूर नेणारे यंत्र आणि हाती धरलेला हात, दोन्ही एकाच चरित्रात आढळतात.

२०२०च्या टाळेबंदीपासून अनेक मंडळ्या उपासना इंटरनेटवरून प्रक्षेपित करीत आल्या आहेत. कोणता कॅमेरा घ्यावा, हे विचारण्यापूर्वी तो कोणासाठी, हे विचारले पाहिजे. अंथरुणास खिळलेल्या भावाबहिणीचे आपण ऋणी आहोत. धडधाकट असूनही घरी बसणाऱ्याची सोय करणे हे मात्र ऋण नव्हे.

हे ऋण मानले की निवड सोपी होते. अंधूक चित्र चालून जाते, अस्पष्ट वचन चालत नाही. म्हणून पैसा प्रथम ध्वनीवर खर्चावा. उंच छताच्या दगडी मंदिरात कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक प्रतिध्वनीच अधिक टिपतो. उपदेशकाच्या मुखाजवळ माईक असावा आणि मिक्सरमधून तारेनेच आवाज प्रक्षेपणास जोडावा. मंडळीसाठी वेगळा माईक ठेवावा. घरी असलेल्या आजीला आपल्या माणसांचे गाणे ऐकू यावे. कॅमेरा साधा पण स्टँडवर स्थिर असावा. प्रार्थनेत रडणाऱ्याच्या चेहऱ्यावर तो रोखू नये. त्याचे अश्रू देवासाठी आहेत, प्रेक्षकांसाठी नव्हेत.

देखभालही नीतीचाच प्रश्न आहे. कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो. दमटपणाने भिंगावर बुरशी धरते. यंत्रे सिलिका जेलसह हवाबंद पेटीत ठेवावी, तारा पीळ न देता सैल गुंडाळाव्या, विजेसाठी यूपीएस असावा आणि उपासनेपूर्वी अर्धा तास चाचणी घ्यावी. हयगयीचे दुःख कोणाला भोगावे लागते, पाहा. आवाज तुटला तरी मंदिरातील कोणाला कळत नाही. ज्याला कळते तो तक्रार करण्यास तेथे नसतो. म्हणून घरी ऐकणाऱ्या एकाने ताबडतोब दूरध्वनी करावा, अशी व्यवस्था हवी.

तरीही उत्तम साधनाने ऋण फिटत नाही. योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी प्रेषित कागद व शाई बाजूला ठेवून भेटीची आशा व्यक्त करतो. तेथे आपण ‘समोरासमोर’ असे भाषांतर करतो. मूळ ग्रीकमध्ये शब्दशः ‘तोंडाशी तोंड’ असे आहे. शाई त्याने नाकारली नाही, कारण पत्र तर त्याने लिहिलेच. परंतु शाई म्हणजे भेट, असेही त्याने मानले नाही. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील चौघांनी येशूचे बोलणे पक्षाघाती मनुष्याच्या घरी पोहोचविले नाही. त्यालाच त्याच्या बाजेसह येशूपाशी नेले.

तेव्हा प्रक्षेपण पाहणाऱ्यांची संख्या मोजण्याऐवजी त्यांच्या नावांची यादी करावी, आणि त्या आठवड्यात कोण कोणाच्या घरी जाणार हे तिथेच ठरवावे. ज्या मंडळीला हे जमत नसेल, तिने कॅमेऱ्याची खरेदी थोडी लांबणीवर टाकलेली बरी.