नाव न ठरलेलं दुखणं

तीन महिने झाले, माझ्या पोटदुखीचं नाव ठरत नाही. क्रोन्स हा आतड्याचा आजार असेल, आतड्याचा क्षयही असेल. १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेला क्रोन्स दुर्बिणीच्या तपासणीत क्षयासारखाच दिसू शकतो. उपचार मात्र वेगळे. क्रोन्सच्या काही औषधांनी क्षय बळावतो. म्हणून थांबायचं, आणि थांबणंच जड जातं.

रत्नागिरीत आमच्या घरी सकाळी पेज होते. आई मिठाचा खडा घालते, वाटी पुढे सरकवते, काही विचारत नाही. येणारे-जाणारे म्हणतात, “तिखट खाल्लंस ना!” तिखटाने यातला कुठलाच आजार होत नाही हो.

आठवडेच्या आठवडे जुलाब, घटणारं वजन, शौचातून रक्त असेल तर काढ्यांवर दिवस काढू नका. तपासून घ्या.