गाण्याचं आडनाव

नुसतं नाव सांगून आपल्याकडे कुणाची सुटका होत नाही. 'आडनाव?' मग, 'म्हणजे मूळचे कुठले?' त्याशिवाय पाहुण्याला माजघरात न्यायचं की ओटीवरच बसवायचं, हे ठरायचं कसं? गाण्याचंही तेच. दिल्लीच्या 'इंडियन ओशन'नं २०१० साली आपली नवी गाणी, महिन्याला एक, इंटरनेटवरून चक्क फुकट वाटली. फुकटचं तरी निमूट घ्यावं! पण नाही, आधी प्रश्न, 'हे शास्त्रीय, की रॉक?' बरं, यांच्याकडे तबलाही आहे नि गिटारही. जुन्यांपैकी 'माँ रेवा' नर्मदाकाठचं, तर 'कंदिसा' म्हणजे सुरियानी ख्रिश्चनांची प्रार्थना. लावा आता आडनाव! 'फ्यूजन' म्हणून मोकळं होता येतं म्हणा, लग्नाला 'मिश्रविवाह' म्हणतात तसं. शब्द कसा सभ्य! दोन्हीकडच्या जाती मात्र म्हणणाऱ्यानं आधीच विचारून घेतलेल्या असतात.