दिल्लीचा शब्द, ठाण्याची खाडी

इराणातील रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागा राखण्याचा करार झाला. २०२२ साली आपली ठाण्याची खाडी त्याच्या यादीत जाऊन बसली. कराराजवळ ना शिपाई, ना तुरुंग! हवामानाच्या २०१५ च्या पॅरिस कराराचेही तेच. प्रत्येक देशाने आपला आकडा आपणच ठरवायचा. सही दिल्लीची, हवेतला कर्ब चिखलात धरून ठेवणारी खारफुटी मात्र ठाण्याची. मग दुसऱ्याने दिलेला शब्द आपल्याला बांधतो काय? मला वाटते, बांधतो. वडिलांचे कर्ज मुलगा फेडतो ते केवळ कायद्याच्या धाकाने नव्हे. त्या पैशाने बांधलेल्या घरात तो राहतो. डोंबिवलीचा चाकरमानी खाडीवरचा पूल ओलांडून ज्या मुंबईला जातो, तीही बरीचशी भरावावरच उभी आहे. खाडीच्या कोळ्याचे तेवढे निराळे. त्याची मासळी घटली, घरे दुसऱ्यांची झाली. त्याच्या दारी वसुलीला कोणत्या तोंडाने जायचे?