हे मी आता वाजवणार नाही



आपल्या धर्मग्रामात ड्रम्स वाजवणारे एक काका आहेत. "नाव छापू नका, बाकी काय ते लिहा," अशी परवानगी त्यांनी आम्हाला दिली आहे. तीस-पस्तीस वर्षे त्यांनी अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, कधी मुलुंड-घाटकोपरलाही, लग्नांच्या रिसेप्शनमध्ये ड्रम्स वाजवले. ग्रँड मार्च, वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, जाइव्ह आणि शेवटी सगळ्यांना खुर्चीवरून उठवणारा मसाला. रविवारी मात्र गायकवृंदाबरोबर मिस्सेला हजर.

यंदा सणाच्या संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी आपल्या तरुणांनी त्यांना बोलावले. गाण्यांची यादी वाचून काकांनी दोन गाण्यांवर बोट ठेवले आणि म्हणाले, "बाळांनो, ही मी आता वाजवणार नाही. यातले शब्द नीट ऐकलेत का?" त्यावर एक मुलगा पटकन बोलून गेला, "अंकल, आमच्या मम्मी-डॅडींच्या लग्नात तुम्ही असलीच गाणी वाजवलीत. तेव्हा पैसे घेतलेत, आणि आता वय झाले म्हणून सोवळे झालात?"

काका रागावले नाहीत. दोन दिवसांनी संध्याकाळी चर्चच्या पायरीवर आमच्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "फादर, पोरगा खरे बोलला का?"

आम्ही त्यांना लगेच दिलासा दिला. "मुलांचे काय मनावर घेता!" असे काहीतरी म्हणालो. पण त्या रात्री आमचे आम्हालाच ते उत्तर पटले नाही. प्रश्न प्रामाणिक होता आणि आम्ही त्याला थापटून झोपवले होते. म्हणून आज त्याचा नीट विचार करू या.

माणूस वयाबरोबर पुष्कळ गोष्टींना 'नाही' म्हणू लागतो. पण सगळे नकार एका जातीचे नसतात. ते आधी वेगळे करायला हवेत.

पहिला नकार शरीराचा. हेवी मेटल नावाच्या प्रकारात दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवतात. मिनिटाला २०० ठोक्यांची लय असेल आणि प्रत्येक ठोक्याला चार आघात असतील, तर मिनिटाला ८०० आघात होतात, म्हणजे सेकंदाला तेरांहून अधिक. साठीतल्या गुडघ्यांनी आणि घोट्यांनी याला नकार दिला तर त्यात नीती-अनीतीचा प्रश्नच नाही. कानांचेही तसेच. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो असे मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते. १०० डेसिबलला हिशेब पंधरा मिनिटांवर येतो, आणि ड्रम्सजवळ एवढा आवाज सहज होतो. कानातल्या ज्या सूक्ष्म केसांच्या पेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

जुन्या करारात या नकाराचे सुंदर उदाहरण आहे. अबशालोमापासून पळणाऱ्या दावीद राजाला ज्याने अन्नधान्य पुरवले त्या बर्जिल्लयाला राजा परतताना आपल्याबरोबर यरुशलेमला यायचा आग्रह करतो. बर्जिल्लय तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. तो सांगतो की, आता मला अन्नाची चव कळत नाही, गाणाऱ्या स्त्रीपुरुषांचा आवाज ऐकू येत नाही, मी राजाला भार कशाला होऊ? (२ शमुवेल १९:३१-३९). राजदरबारचे संगीत वाईट आहे असे तो म्हणत नाही. आपले कान थकले एवढेच सांगतो, आणि तरुण किम्हामाला पुढे करतो. थकव्याला थकवा म्हणण्याचा हा प्रामाणिकपणा आहे. आपल्यापैकी पुष्कळजण थकव्याला तत्त्वाचा झगा घालतात.

दुसरा नकार आवडीचा आणि जागेचा. माहीमला वाढलेले आणि तिथल्याच सेंट मायकल्स शाळेत शिकलेले तबलावादक झाकीर हुसेन २०२४च्या डिसेंबरमध्ये गेले. लग्नसमारंभ, खाजगी मेजवान्या आणि कंपन्यांचे कार्यक्रम यांत आपण वाजवत नाही, असे ते मुलाखतींत सांगत असत. तिथे लोक भेटायला, खायला-प्यायला येतात, ऐकायला येत नाहीत, हे त्यांचे कारण. लक्षात घ्या, संगीताच्या प्रकारांना त्यांनी दार लावले नव्हते. परदेशातल्या रॉक आणि जॅझ वादकांबरोबर ते अखेरपर्यंत वाजवत राहिले. २०२४च्या फेब्रुवारीत, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांना एकाच रात्री तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. संगीतासाठी दार उघडे ठेवूनही कुठे बसायचे नाही हे त्यांनी ठरवले होते. आपल्या कलेचा मान राखण्यासाठी दिलेला हा नकार आहे. पण तो सर्वांना परवडत नाही. आपल्या काकांनी लग्नांना नकार दिला असता तर त्यांच्या मुलांची फी कुणी भरली असती?

तिसरा नकार सद्सद्विवेकबुद्धीचा. शरीर चालते आहे, लय आवडते आहे, पैसेही मिळणार आहेत, तरी माणूस म्हणतो, 'यात माझा हात नको.' काकांचा नकार या जातीचा होता. त्या गाण्यांत बाईला बाजारात मांडल्यासारखे शब्द होते. "फादर, लय अजून हाताला खाज आणते," असे ते स्वतःच म्हणाले. म्हणून तर मुलाचा प्रश्न त्यांना टोचला.

त्या मुलाच्या बोलण्यात दोन आरोप आहेत. पहिला: इच्छा विझल्यावर केलेल्या त्यागाला काय किंमत? हा आरोप जुना आहे. संत ऑगस्टीन यांनी तरुणपणी शुद्धता मागितली, पण लगेच नको अशी पुस्तीही जोडली, हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मनिवेदनात कबूल केले आहे. संत थॉमस अक्विनस यांनी अॅरिस्टॉटलच्या मागे जाऊन एक भेद शिकवला: मोहाशी झगडून स्वतःला आवरणारा माणूस वेगळा आणि ज्याची इच्छाच सद्गुणाने वळण घेतलेली आहे तो वेगळा. यात आम्ही तिसऱ्याची भर घालतो: ज्याची इच्छा फक्त दमली आहे तो. तो सद्गुणीही नाही आणि झगडणाराही नाही. तेव्हा आपला नकार कोणत्या जातीचा हे ओळखायची साधी खूण आहे: त्याची किंमत मोजावी लागते का? काकांना मोजावी लागली. कार्यक्रम जवळजवळ हातचा गेला, पोरांनी टोमणा मारला. तेवढ्यापुरता पहिला आरोप आम्हाला मान्य नाही.

दुसरा आरोप अवघड आहे: ज्याने कालपर्यंत त्याच गोष्टीचे पैसे घेतले त्याला आज नकाराचा अधिकार आहे का? अधिकार नाही म्हटले तर पश्चात्तापाचे दारच बंद होते. मग जक्कयाला येशूने झाडावरच राहू द्यायला हवे होते! पण जक्कय झाडावरून उतरल्यावर उपदेश करीत सुटला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत, असा हिशेब त्याने मांडला (लूक १९:८). तेव्हा भूतकाळ असलेल्या माणसाला नकाराचा अधिकार आहे, फक्त त्यासोबत एक कबुलीही येते: 'मी हे वाजवले, पैसेही घेतले, आणि मला आज त्याचे वाईट वाटते.' ही कबुली न देता केलेला नकार तरुणांना ढोंग वाटतो, आणि त्यांचे फारसे चुकत नाही.

आणखी एक गोष्ट. काका ज्या लग्नाला 'नाही' म्हणतील तिथे चोवीस वर्षांचा दुसरा ड्रमर जाईल. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. आता लाइव्ह बँडच्या जागी डीजे आल्यामुळे त्याच्याकडे कामेही थोडी. तीच दोन गाणी तो वाजवील. मग काकांचे हात स्वच्छ राहिले आणि त्या मुलाचे मळले, असे म्हणायचे का? आम्हाला वाटते, इथे बोट वादकाकडे नव्हे, आपल्याकडे वळायला हवे. यादी कोण ठरवतो? लग्नघरचे आपण. बिदागी कोण देतो? आपण. त्या गाण्यांवर नाचतो कोण? आणि दुसऱ्या दिवशी 'हल्लीची गाणी' म्हणून नाक मुरडतो कोण? ज्याला पोटासाठी वाजवावे लागते त्याच्यावर सद्सद्विवेकाचा सगळा भार टाकणे हा अन्याय आहे. ज्याच्या हाती निवड आहे त्याने आधी नकार द्यावा.

आणि नकार देताना स्वतःपुरता द्यावा. याबाबतीत आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहास नम्र करणारा आहे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, पोप दहावे पायस यांनी चर्चमधील संगीताबद्दल आदेश काढला. त्यात पियानोला आणि ड्रम, झांजांसारख्या गोंगाटी वाद्यांना चर्चमध्ये मनाई केली होती. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीवरील आपल्या दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यांनाही वाट मोकळी केली. ती पवित्र उपयोगाला साजेशी असावीत आणि स्थानिक अधिकाऱ्यांची संमती असावी, एवढी अट घातली. म्हणजे काका आज मिस्सेत जे वाजवतात तेही एके काळी 'न वाजवण्यासारखे' होते! 'मी वाजवणार नाही' हे सद्सद्विवेकाचे वाक्य आहे. 'हे कुणीच वाजवू नये' असे म्हणायला त्याहून पुष्कळ जास्त पुरावा लागतो. कराराच्या कोशापुढे नाचणाऱ्या दावीदाकडे खिडकीतून तुच्छतेने पाहणाऱ्या मीखलेला वाटले होते की आपण मर्यादा राखतो आहोत.

हे लिहिताना आमचे स्वतःचे नकारही आठवले. रात्री साडेनऊची तरुणांची सभा आम्ही हल्ली टाळतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीतील चौथ्या मजल्यावरच्या आजारी आजींकडे जायचे 'पुढच्या आठवड्यावर' ढकलतो. कारण विचारले तर 'कामांचा अग्रक्रम' असा भारदस्त शब्द आमच्यापाशी तयार असतो. खरे तर तो बर्जिल्लयाचा थकवा आहे, पण बर्जिल्लयाचा प्रामाणिकपणा त्यात नाही, आणि आम्ही ऐंशीचेही नाही. त्या आजींकडे आम्ही या आठवड्यात जाऊन आलो, हे सांगायलाही संकोच वाटतो.

सणाच्या कार्यक्रमाचे काय झाले, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहेच. काका त्या मुलांना भेटले. आधी म्हणाले, "तू बोललास ते खरे आहे. मी वाजवले होते." मग त्यांनी दोन्ही गाण्यांचे शब्द चालीशिवाय, नुसते वाचायला लावले. वाचणारी मुलगी मध्येच थांबली. एक गाणे मुलांनी आपणहून वगळले. दुसऱ्यावर एकमत झाले नाही. त्या गाण्यापुरते काका ड्रम्सवरून उठले, त्याच मुलाच्या हाती काठ्या दिल्या आणि स्टेजवरच बाजूला उभे राहिले. गाणे संपल्यावर पुन्हा येऊन बसले. दुसरे गाणे वाजले, हे आम्हाला अजून खटकते. तरी काका घरी निघून गेले नाहीत, याचे मोल आम्हाला अधिक वाटते. आता दर शनिवारी तो मुलगा त्यांच्याकडे ब्रशने हलके वाजवायला शिकतो. काका त्याची फी घेत नाहीत.

या आठवड्यात आपण एवढे करू या. अलीकडे आपण ज्या गोष्टींना 'नाही' म्हणू लागलो आहोत त्या एका कागदावर लिहू या आणि प्रत्येकीपुढे खरे कारण लिहू या: थकवा, आवड की सद्सद्विवेक. कागद कुणाला दाखवायची गरज नाही. रविवारी मिस्सेला येताना खिशात असू द्या आणि अर्पणाच्या वेळी मनातल्या मनात तो प्रभूपुढे ठेवा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले,
धर्मगुरू