काल्याची मूठ



आमच्या मुळशीकडे भाताची झोडणी उरकून दाणा घरात आला, की गावोगाव सप्ताह बसतात. असाच एक सप्ताह काही वर्षांपूर्वी आम्ही पाहिला. तिसऱ्या दिवशी रात्रीच्या कीर्तनाला मांडवाच्या कडेला एक इसम येऊन उभा राहिला. दारूपायी बायकोचे डोरले गहाण टाकून गाव सोडून गेलेला, तो बारा वर्षांनी परत आला होता. गळ्यात तुळशीची माळ. कोणा पोराने त्याच्या हाती टाळ दिले मात्र, मांडवात कुजबुज सुरू झाली. एक वृद्ध माळकरी तर स्पष्टच बोलले, "चाळीस वर्षं पायी वारी करतोय आम्ही. आमची न् ह्याची पायरी एकच का?"

खोटे कशाला बोला, आमच्याही मनात तेच आले होते.

ह्याच प्रश्नावर येशू ख्रिस्ताने सांगितलेला एक दृष्टांत मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. द्राक्षमळ्याचा एक धनी पहाटे मजूर लावतो, एक दिनार रोज ठरवून. पुढे दिवसभर तो थोडे थोडे मजूर आणीतच राहतो. दिवस मावळायला तासभर उरला असताही नाक्यावर काही लोक रिकामे उभे दिसतात. कोणी कामाला लावलेच नाही, म्हणतात. त्यांनाही तो मळ्यात धाडतो. संध्याकाळी वाटप होते तेव्हा सगळ्यांना एकेक दिनार! पहाटेपासून उन्हात राबलेले चिडतात. धनी विचारतो, तुमचे ठरलेले तुम्हांला मिळाले ना? मग माझ्या उदारपणाचा तुम्हांला मत्सर का?

आमच्या लावणीच्या दिवसांत कोणी शेतकरी असा रोज वाटील तर दुसऱ्या दिवशी चिखलात पाय घालायला माणूस मिळणार नाही! व्यवहार म्हणून हा दृष्टांत साफ चुकीचा आहे. पण तो मजुरीचा नाहीच, कृपेचा आहे. मजुरी मोजून घ्यावी. कृपेला माप लावले की ती कृपा उरत नाही. आणि ही गोष्ट आपल्याला परकी आहे काय? सात दिवस विण्याचा पहारा देणारा आणि नेमका काल्याला उगवणारा, दोघांच्या हातावर लाह्या-दह्याची मूठ सारखीच पडते. तेथे कोणी हजेरी विचारल्याचे आम्ही ऐकले नाही.

तरी कुजबुज झाली. वाल्या कोळी, अजामेळ, गणिका यांच्या कथांना आपण डोळे पुसतो. पण पुराणातला पापी परवडतो, गावातला परवडत नाही.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंडकडे केडगाव आहे. तेथल्या पंडिता रमाबाई अनंतशास्त्री डोंगऱ्यांची लेक, पुराणे मुखोद्गत असलेली विदुषी. १८८३ साली त्या इंग्लंडात गेल्या. तेथे फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी वाट चुकलेल्या स्त्रियांना जवळ करून त्यांची सेवा करतात, हे त्यांनी पाहिले. असे का करता, असे विचारल्यावर भगिनींनी त्यांना येशू आणि शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखविली. ज्या बाईशी बोलणेही कमीपणाचे, तिच्याजवळ येशू विहिरीवर पाणी मागतो. रमाबाईंच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला, आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली आणून त्यांनी केडगावी 'मुक्ती' वसविली. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायांसाठी तेथे वेगळे घर केले, त्याचे नाव ठेवले कृपासदन.

धर्मांतराच्या कारणावरून पुण्यात १८९३ साली मोठे वादळ झाले. ते आम्ही येथे उकरीत नाही. परंतु त्या बायांना तेव्हा आपल्यापैकी कोणाचे दार उघडे होते, हे विचारल्यावाचून राहवत नाही. मंगळवेढ्याच्या गणिकेची लेक कान्होपात्रा विठोबाने पायाशी घेतली; राउळातले तिचे झाड आपण भक्तीने पाहतो. तिच्यासारखी दुसरी कोणी दाराशी आली असती तर? चोखोबांची समाधी तर महाद्वारासमोरच, आणि त्यांच्या लेकरांना आत घ्यायला १९४७ चा मे महिना उजाडावा लागला, साने गुरुजींना दहा दिवस उपाशी राहावे लागले. देवाने कृपा केली होती. पहाटेच्या मजुरांनी दार धरून ठेवले होते. ख्रिस्ती लोकही यात धुतल्या तांदळासारखे नाहीत म्हणा. गोव्यात चर्चच्या कोन्फ्रारियांतसुद्धा जात शिरलीच.

येथवर लिहिणे सोपे गेले. अवघड ते पुढे आहे. त्या इसमाची बायको! बारा वर्षे दुसऱ्याच्या बांधावर राबून तिने दोन लेकरे वाढविली. टाळ देणारा पोरगा उदार, आम्ही मनात विरघळलो तेही उदार. पण डोरले आमचे गेले नव्हते. मळ्याचा धनी स्वतःच्या कमरेचे पैसे सोडून देतो, दुसऱ्याच्या नव्हे. तिने त्याला उंबऱ्याच्या आत घेतले नाही. दोन शहाणे तिला समजवायला निघाले तेव्हा विणेकरीबुवांनी त्यांना अडविले. म्हणाले, "टाळ आपला, तो आपण दिला. घर तिचं आहे." आम्हांला ते पटले, आजही पटते. देवाच्या कृपेची हुंडी दुसऱ्याच्या नावावर फाडता येत नाही. मात्र तिने दार लावले म्हणून मांडवानेही लावावे, हेही बरोबर नव्हे.

काल्याच्या दिवशी तो रांगेत अगदी शेवटी उभा होता. काला वाटायला नेमके ते चाळीस वर्षांचे वारकरीबाबाच बसले होते. त्याच्यापाशी आल्यावर त्यांचा हात परातीत जरा थांबला. मग त्यांनी मूठ भरली, इतरांची होती तेवढीच. पलीकडे बायांच्या रांगेत ती उभी होती. तिने आपला काला पदराच्या गाठीत बांधला, पोरांना हाक मारली आणि घरची वाट धरली.