अर्धी साक्ष

आमच्या घरात सागवानी लाकडाची एक जुनी पेटी आहे. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात आमच्या पूर्वजांची इनामी जमीन होती. हा जिल्हा १९९९ साली झाला. त्याआधी हा मुलूख परभणी जिल्ह्यात आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पेटीत मुंतखबाच्या नकला आहेत, कुळांकडून आलेल्या धान्याच्या वह्या आहेत, उर्दू आणि मोडीतली पत्रे आहेत, थोडे फोटो आहेत. आम्ही तिघे भावंडे मराठी शाळेत शिकलो. त्यामुळे स्वतःच्याच घरचे कागद वाचून घेण्यासाठी आम्हाला एका निवृत्त उर्दू शिक्षकांची आणि मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांची मनधरणी करावी लागली.

पाहुणे आले की आम्ही फोटो दाखवत असू. एका फोटोत दादाजान घोड्यावर बसलेले आहेत. मागे त्यांचे नाव, गाव, साल, सगळे सुबक अक्षरात लिहिले आहे. घोड्याचा लगाम धरून एक माणूस उभा आहे. त्याचे नाव लिहिलेले नाही. इतक्या वर्षांत आम्हीही ते कुणाला विचारले नव्हते.

२०२३ साली मराठवाड्यात निजामकालीन कागदांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. त्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. त्याच दिवसांत गावाकडचा एक तरुण शेतकरी आमच्या दारात आला. त्याचा पणजोबा आमचे कूळ होता. ‘तुमच्या वहीत आमच्या पणज्याचं नाव, जात लिहिलेली असंल तर बघा,’ एवढेच त्याचे मागणे होते.

आम्ही त्याला आठवड्याने यायला सांगितले आणि पेटी पहिल्यांदाच तळापर्यंत उपसली. नाव सापडले. जात लिहिलेली नव्हती. पण त्या नावाचे आणखी दोन कागद निघाले.

पहिले पत्र १९४८ च्या हिवाळ्यातले, दादाजानांनी हैदराबादच्या नातलगांना लिहिलेले. पोलीस ॲक्शननंतर गावात धोका वाढला तेव्हा घरातल्या बायकामुलांना या कुळाने आपल्या आखाड्यावर नऊ रात्री लपवून ठेवले, स्वतः भाकरी पोचवल्या, असे त्यात आहे. दुसरा कागद पुढच्या दोन वर्षांतला. कुळ कायदा येणार ही कुणकुण लागताच लिहून घेतलेला राजीनामा. जमीन आपण खुशीने सोडतो आहोत, असा मजकूर आणि खाली त्याच माणसाचा अंगठा. हैदराबादचा कुळवहिवाट कायदा १९५० साली आला. तोवर त्या जमिनीवर दाखवायला कूळच उरले नव्हते.

प्रश्न आता आमच्यापुढे होता. त्याने मागितला होता तो कागद नव्हताच. न मागितलेले दोन होते. ते दाखवायचे का?

आमच्यात मतभेद झाले. एकाचे म्हणणे, गेलेल्या माणसांचे ऐब झाकावेत हीच आपली शिकवण आहे. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची गुपिते हुडकण्याची मनाई आहे. दुसऱ्याचे म्हणणे, सूरह बकरात देणेघेणे लिहून ठेवा, आणि साक्ष लपवू नका, अशीही ताकीद आहे. दोन्ही खरे. मग पेटीतला कोणता कागद परद्यात ठेवायचा आणि कोणता साक्षीला काढायचा?

आम्हाला उत्तर सापडले ते हुकूकुल इबादच्या विचारात. अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करील. बंद्याचा हक्क मात्र त्या बंद्यानेच माफ करायचा असतो. पेटीत आमच्या फुफीची पत्रे आहेत. त्यात तिच्या संसाराचे दुःख आहे. त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क अडलेला नाही. ती आम्ही बांधून ठेवली. पुन्हा वाचलीही नाहीत. राजीनाम्याचे तसे नाही. त्यावर दुसऱ्याचा अंगठा आहे. तो कागद आमच्या पेटीत असला तरी आमचा नाही, अमानत आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. १९४८ बद्दल आपण बोलतो आणि बोललेच पाहिजे. रझाकारांचा जुलूम खरा, आणि त्यानंतर खेड्यापाड्यांतल्या निरपराध मुसलमानांवर जे कोसळले तेही खरे. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा दिला. तो अहवाल दशकानुदशके लोकांपुढे आला नाही. २०१३ च्या सुमारास दिल्लीत तो अभ्यासकांना पाहायला मिळू लागला. सरकारने कागद दडवला, ही आपली तक्रार रास्तच आहे. पण तीच तक्रार त्या शेतकऱ्याने आमच्याबद्दल का करू नये?

आमच्या घरातही १९४८ ची कहाणी पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. त्यात भीती होती, उपास होते, नऊ रात्री होत्या. भाकरी आणणाऱ्याचे नाव तेवढे नव्हते. ते घेतले असते तर पुढची दोन वर्षेही सांगावी लागली असती. आपल्यावरचा अन्याय सांगायचा आणि आपल्या हातचा गाळायचा, ही अर्धी साक्ष झाली. आणि अर्धी साक्ष ऐकणारा आपल्या खऱ्या दुःखावरही संशय घेतो.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला. जुन्या घराण्यांची दफ्तरे धुंडाळत त्यांनी पुढचे खंड उभे केले. इतिहास असा माळ्यावरच्या दफ्तरांतून येतो. पण दफ्तर असते वाडेवाल्याच्या घरी. ज्याला लिहिता येत नव्हते, फोटो काढून घेणे परवडत नव्हते, त्याचा इतिहास दुसऱ्याच्या पेटीत अडकून पडतो. म्हणून पेटीवाल्याची जबाबदारी दुप्पट.

तो तरुण आठवड्याने आला. आम्ही दोन्ही कागद त्याला वाचून दाखवले. ती जमीन आमच्याकडेही आता नाही. वाटण्या आणि विक्रीत केव्हाच गेली. आम्ही माफी मागितली. तो बराच वेळ अंगठ्याच्या ठशाकडे बघत राहिला. माफ केले असे तो म्हणाला नाही, आणि आम्ही ते वदवूनही घेतले नाही. आमच्या घराने एकदा त्यांच्याकडून खुशी लिहून घेतली होती, तेवढे पुरे.

मग त्याने तो घोड्याचा फोटो मागितला. त्यांच्या घरी पणजोबाचा एकही फोटो नव्हता. आम्ही मूळ फोटो त्याला दिला आणि प्रत आमच्याकडे ठेवली. प्रतीच्या मागे आता दोन नावे आहेत.